साडेसहा फूट

गाडी बघायला आम्ही टेप नाही, चादर नेतो.
निळ्या काठाची, जुनी, कडेनं बेतून कापलेली,
साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद.
दाराचं माप. चौकटीसकट.

दार हेरंबनं केलंय.
गोदामात फेकून दिलेली पॅलेटं, रजेचे दोन शुक्रवार,
आणि रोल्यातल्या एका जुन्या दुकानातली पितळी कडी.
मंडळाच्या पाच नाटकांत ते उभं राहिलंय:
पुण्यातला ब्लॉक, मालवणचं पोस्ट, एकदा तुरुंग.
नट बदलतात. कुणाची बदली होते, कुणाचा व्हिसा संपतो,
एक नायिका तर दुसऱ्या अंकाच्या तालमीतून कॅनडाला गेली.
दार आहे.

मार्चात ते आमच्या छोट्या गाडीच्या टपावर बांधलं,
तर अल वहदा रस्त्यावर पोलिसानं थांबवलं.
दार बघितलं, दोरी बघितली,
मग विचारलं, घर कुठंय?
गंमत करत होता का, कळलं नाही.
दंड मात्र झाला.

म्हणून हा शारजाचा हराज बाजार,
ऑगस्ट, संध्याकाळचे सात,
आणि अजून बोनेटला हात लावायची सोय नाही.
हेरंबला मागची रांग जमिनीत बुडायला हवी.
मला सात सीटा हव्यात, डिसेंबरात सासूसासरे येतात
आणि सासूबाईंचा गुडघा कुणाच्या मांडीवर तरी ठेवावा लागतो.
ऋजुताला चार्जर. निषादला काळी.
काळी! या उन्हात!

चौथ्या दुकानात गुल रहमान,
चारसद्द्याचा, तोंडाचा पट्टा चालू:
एसी बघा, टायर बघा, एकच मालकीण, शाळेतली बाई.
हेरंबनं मागचं दार उचललं
आणि चादर अंथरली. कोपरे ओढून नीट केले,
तो करतो तसे, हळू, तळहातानं.

गुल रहमान गप्प झाला.
चादरीकडे बघत राहिला.
मग हेरंबला नाही, मला, अगदी खालच्या आवाजात:
बाजी, घर में कोई...?

दरवाज़ा है, मी म्हणाले. नाटक का.

हसलो सगळे. तोही हसला, टोपी काढून डोकं पुसलं.
मग म्हणाला, भावाची पेटी एवढीच होती.
विमानतळापर्यंत न्यायला व्हॅन मिळेना,
दोन तास उभे होतो.
एवढंच.
मग चावी पुढे केली. चला के देखो.

चादरीची घडी त्या दिवशी मी घातली.

गाडी त्याच्याकडूनच घेतली. पांढरी.
अठ्ठावीस हजार म्हणाला, अठ्ठावीसच दिले,
हेरंबनं तोंडसुद्धा उघडलं नाही,
हे मी त्याला अजून ऐकवते आणि मीही नव्हतं उघडलं.
मुल्किया माझ्या नावावर.
लायसन्स मला पहिल्या खेपेत मिळालं होतं,
त्याला पाचव्या.

दार आत जातं.
टेकूसकट, कुशीवर, मधली डावी सीट काढून,
मागच्या दोन बुडवून.
सातातून तीन गेल्या. उरलो चौघं.
डिसेंबरात नाटकही आहे आणि सासूसासरेही.
यावर घरात कुणी बोलत नाही.

पहिल्या तालमीला निघालो तेव्हा
आरशात मागचा रस्ता दिसतच नव्हता.
दार, आणि त्याला टेकून
तोंड उघडं टाकून झोपलेला निषाद.
गतिरोधक आला की पितळी कडी वाजते.

कोण आहे? ऋजुता ओरडते.
दर गतिरोधकाला.